आधी नळी, मग आकडा

छोट्या विद्यापीठात मी मेडिकल लॅब टेक्नॉलॉजी शिकलो, वर्गात आम्ही 11 जण. मोठ्या विद्यापीठांतल्या ऑटोॲनालायझरचे, म्हणजे रक्ताच्या तपासण्या आपोआप करणाऱ्या मशीनचे, फोटो बघत पहिलं वर्ष मी कुढण्यात घालवलं. आमच्याकडे बायोकेमिस्ट्रीला एकच सेमी-ऑटो मशीन, तेही अधूनमधून रुसणारं. पण मायक्रोस्कोप मात्र प्रत्येकाला स्वतंत्र, आणि कोणाचा हात कुठे थरथरतो हे मॅडमना पक्कं ठाऊक.

माझा स्मिअरवर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर ओढताना, थरथरायचा. ओढायची स्लाइड 30 ते 45 अंशांत धरायची, थेंब कडेला पसरू द्यायचा आणि एका दमात ओढायचं. मी मध्येच थबकायचो, मग पट्टे उमटायचे. स्मिअर जमला तरी डिफरन्शियलला, म्हणजे 100 पांढऱ्या पेशी प्रकारांनुसार मोजताना, मोठा लिम्फोसाइट मला मोनोसाइट वाटायचा. मॅडम तीच स्लाइड स्वतः मोजायच्या आणि आकडे शेजारी शेजारी लिहायच्या. लाज वाटायची, पण डोळा तिथेच तयार झाला. वर्गात 80 जण असते तर हे लाड कोणी केले असते?

हॉस्पिटल पोस्टिंगमध्ये एकदा पोटॅशियम 9.8 आलं आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. मी घाबरून मशीन पुन्हा चालवलं. तोच आकडा, कंट्रोलही (आधीच माहीत असलेल्या आकड्याचं तपासणी-सॅम्पल) बरोबर. सीनियरने एवढंच विचारलं, "नळी कोणी भरली?" वॉर्डात रक्त कमी पडलं म्हणून कोणीतरी जांभळ्या टोपणाच्या नळीतलं साध्या नळीत ओतलं होतं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए या रसायनाचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. तो कॅल्शियमला बांधून ठेवतो आणि पोटॅशियम फुकटात वाढवतो. आकडा खरा मानला, तर रुग्णाचं हृदय कधीही थांबेल म्हणून धावपळ करायची. आणि तो निवांत पेपर वाचत होता. नवीन सॅम्पलमध्ये पोटॅशियम 4.2.

छोट्या विद्यापीठाची खरी अडचण म्हणजे पोस्टिंग. ब्लड बँक आणि मायक्रोबायोलॉजीसाठी आम्हाला बाहेर पाठवायचे, आणि तिथे सुरुवातीचे कित्येक दिवस फक्त लेबलं चिकटवली. प्रवेश घेण्याआधी पोस्टिंग कुठे, किती आठवडे आणि हाताने काय करायला मिळतं हे शेवटच्या वर्षातल्या मुलांना विचारा. माहितीपत्रकावर जाऊ नका. पदवी नोंदणीसाठी ग्राह्य आहे का, हे मात्र कागदावरच बघा.

क्वालिटी कंट्रोलचं सॉफ्टवेअर आमच्याकडे नव्हतं. कंट्रोलचे रोजचे आकडे ठिपक्यांनी दाखवणारा लेव्ही-जेनिंग्स चार्ट आम्ही ग्राफपेपरवर पेन्सिलीने काढायचो. लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूला सरासरीपासून 2 एसडीच्या (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे प्रमाण विचलन) पलीकडे गेले की रिपोर्ट थांबवायचे. नोकरीत हे काम स्क्रीन करते, पण ती लाल झाली की पहिली शंका कशाची घ्यायची हे मला त्या ग्राफपेपरमुळेच कळतं.