पांढरा चट्टा: रंग, नख आणि कापसाची वात

अंगावर पांढरा डाग दिसला की घरात पहिला शब्द निघतो ‘कोड’. बहुतेक वेळा तो कोड नसतोच. आणि ज्याला खरोखर हात लावून बघायला हवं, तो फिकट चट्टा ‘उन्हाने झालं असेल’ म्हणून वर्षभर तसाच राहतो.

तपासायला खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बसा. ट्यूबलाइटखाली फिकट आणि पांढरा यांतला फरक कळत नाही. डागावर तेल, पावडर, मलम काही नको. आंघोळीच्या आधीच बघा, नाहीतर कोंडा धुऊन जातो.

आधी रंग बघा. डाग नुसता उतरलेल्या रंगाचा आहे की खडूसारखा पांढराफट? पांढराफट, कडा रेखीव, कोंडा नाही, स्पर्श शाबूत, असं असेल तर कोडाचा संशय घ्या. ओठ, डोळ्यांभोवतालची जागा, बोटांची टोकं इथे ते बरेचदा दोन्ही बाजूंना उठतं. डागातले केसही पांढरे झाले असतील तर रंग परत यायला जड जातं. सुरुवातीला कोडही फिकटच दिसू शकतं, म्हणून फोटो काढून ठेवा आणि महिन्याने त्याच उजेडात दुसरा काढा. कपाळावर बरोबर टिकलीएवढा डाग पडला असेल तर टिकली आजच बंद करा. काही टिकल्यांच्या गोंदातलं पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल रंगपेशी मारतं. म्हाताऱ्या माणसांच्या नडग्यांवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके येतात, ते निरुपद्रवी.

मग नख. कातडी दोन बोटांत ताणून नखाची कड हलकेच फिरवा. पाठ, छाती, मानेवरच्या डागांतून पिठासारखा कोंडा सुटला तर ती बहुधा शिबं. मॅलासेझिया ही बुरशी एरवीही आपल्या अंगावर असतेच, घामात आणि दमट हवेत माजते. यावर डॉक्टर बरेचदा 2 टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू देतात. तो ओल्या अंगावर 5 मिनिटं ठेवून धुवायचा. लोक फसतात ते पुढे. बुरशी मेली तरी रंग भरायला महिने लागतात, आणि तेवढ्यात ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून माणूस तिसऱ्या दुकानात पोचतो. नखाला कोंडा लागेनासा झाला की औषधाने काम केलं असं समजा.

मुलांच्या गालावरचे फिकट, किंचित खरखरीत डाग बहुधा कोरड्या कातडीचे. त्यासाठी जंताचं औषध पाजण्यात अर्थ नाही. साधं मॉइश्चरायझर लावा.

फिकट किंवा तांबूस चट्ट्यावर कोंडा नसेल, कातडी कोरडी पडली असेल, लव झडली असेल, तर स्पर्श तपासा. कापसाची टोकदार वात वळा. आधी डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर टेकवून दाखवा. मग डोळे मिटायला सांगा आणि जिथे लागेल तिथे बोट ठेवायला सांगा. वात फक्त टेकवायची, ओढायची नाही. कधी चट्ट्यावर, कधी बाहेर, असं चार-पाचदा करा. ‘कळलं का?’ असं विचारू नका, माणूस भिडेखातर हो म्हणतो. चट्ट्यावर बोट चुकलं तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच हवी. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात मात्र स्पर्श टिकूनही असतो, तेव्हा तिथे या चाचणीवर विसंबू नका. सरकारी दवाखान्यात एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावर एकत्र दिली जाणारी अनेक औषधं, मोफत मिळते: 5 पर्यंत चट्टे असतील तर साधारण 6 महिने, जास्त असतील किंवा नसांना जास्त बाधा असेल तर 12. उशीर झाला की नस गेली ती परत येत नाही. ‘कोड’ हा शब्दच मुळात ‘कुष्ठ’वरून आलेला, त्यामुळे घोटाळा जुना आहे, पण कोड संसर्गाने पसरत नाही आणि कुष्ठरोगाचा चट्टा कधी खडूसारखा पांढरा नसतो.

निदान होईपर्यंत दुकानातून स्टिरॉइडची मिश्र मलमं आणून लावू नका. त्यांनी बुरशीची खूण झाकली जाते, आणि सतत लावल्यास कातडी स्वतःच फिकट पडते. लावलं असेलच तर ती ट्यूब फेकू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना बरोबर न्या.