प्रवाळाचा घास कोळंबी पळवते? बाटलीची टोपी घाला

रीफ टँकमध्ये (प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) ब्रेन कोरलला, म्हणजे मेंदूसारख्या दिसणाऱ्या प्रवाळाला, खाऊ दिला की तो गिळायच्या आत कोळंबी ओढून नेते. पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापा, कड घासून बोथट करा. झाली टोपी.

दिवे मालवल्यावर प्रवाळाचे तंतू बाहेर आले की पंप बंद करा. टोपी प्रवाळावर झाकून वाळूवर अशी टेकवा की मांसल भागाला अजिबात लागणार नाही; तो फाटला तर भरायला फार वेळ लागतो. टँकच्याच पाण्यात वितळवलेलं मायसिस (कोळंबीसारख्या बारीक जीवांचा गोठवलेला खाऊ) बाटलीच्या तोंडातून ड्रॉपरने हळूच तंतूंवर सोडा. घास पूर्ण आत गेला की टोपी काढा आणि पंप आठवणीने सुरू करा.

आठवड्यातून 1-2 वेळा पुरे. उरलेलं लगेच ओढून घ्या, नाहीतर नायट्रेट-फॉस्फेट वाढून शेवाळ माजतं.