याकोबाचा दुसरा अध्याय वाड्यावर आणताना

बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय 26 वचनांचा. माणसामाणसांत पक्षपात करू नका आणि विश्वास कृतीतून दाखवा, हा त्याचा विषय; तो आपल्या गोव्यातल्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीत, आणि चर्चमध्ये कसा आणायचा ते इथे बघू. वाचून पाच मिनिटांत होतो, पण अमलात आणायला घेतला की पहिल्याच बैठकीत गाडी अडते, कारण आपण पक्षपात करतो असं कुणालाच वाटत नसतं. म्हणून एकमेकांची मनं तपासत बसू नका. दार, यादी आणि पैसा, एवढ्या तीन ठिकाणी नजर ठेवा. पक्षपात तिथेच सापडतो.

सुरुवात दारापासून. याकोबाचं उदाहरणच बसण्याच्या जागेचं आहे: सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा, मळक्या कपड्यांतल्या गरिबाला ‘तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस’. आज असं तोंडाने कुणी म्हणत नाही, ते काम बाकाच्या टोकाला बसलेली नेहमीची माणसं न बोलता करतात. ती आत सरकत नाहीत, नवखा माणूस त्यांचे गुडघे ओलांडायला संकोचतो आणि खांबाला टेकून अख्खी मिस्सा (चर्चमधली उपासना) उभ्याने काढतो. म्हणून मिस्सेच्या दहा मिनिटं आधी सगळ्यांना आत सरकायला सांगा, टोकाच्या जागा मोकळ्या ठेवा. दारावर दोघं हवेत, त्यातलं एक तरी मराठी-हिंदी सहज बोलणारं. ‘घाटी’, ‘भायले’ हे बाहेरून आलेल्यांना हिणवणारे शब्द आवारात चालणार नाहीत, हे दोघांनाही आधीच बजावा. पुढचे दोन बाक राखायचे तर कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आणि काठी टेकत येणाऱ्यांसाठी. फेस्ताचे (चर्चच्या सणाचे) प्रेझिदेंत, म्हणजे यजमान, विधीपुरते पुढे बसले तर हरकत नाही, पण त्यांच्या गोतावळ्यासाठी दोरी बांधू नका.

उलटी चूकही होते. बांधकामावरून आलेल्या माणसाला कौतुकाने हाताला धरून पहिल्या बाकावर नेलं, की सगळ्यांचे डोळे त्याच्या चिखलाने भरलेल्या चपलांवर जातात आणि पुढच्या रविवारी तो येत नाही. बायबलच्याच लेवीय पुस्तकात (19:15) श्रीमंताची भीड धरू नका असं म्हणताना गरिबाचाही पक्ष घेऊ नका असं म्हटलंय. जवळची रिकामी जागा दाखवायची, बस्स.

यादीचा घोळ जास्त खोल आहे. सायबिणीची, म्हणजे मारियामातेची, मूर्ती घरोघर फिरते तेव्हा यादी बहुधा जुन्या घरमालकांच्या नावांनी निघते. मागच्या बाजूच्या भाड्याच्या खोलीत वसईहून किंवा सावंतवाडीहून आलेलं ख्रिस्ती कुटुंब असेल, तर ते आपोआप गळतं. यादी दारांवरून करा: दोघांनी वाड्यावर एक फेरी मारायची, प्रत्येक चूल मोजायची, आणि भाडेकरूंची खोली मालकाच्या घराखाली न लिहिता स्वतंत्र ओळीत लिहायची. यरुशलेमेतल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात वगळल्या जात होत्या. त्यावर जे सात जण निवडले, त्या सातांचीही नावं ग्रीक आहेत (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6). गळलेल्यांपैकीच कुणाच्या तरी हाती यादी द्या, निम्मं काम तिथेच होतं.

आता मदत. ‘शांतीने जा, ऊब घ्या, पोटभर खा’ असं म्हणून हात हलवत परत पाठवणं हे याकोबाच्या लेखी काहीच न करण्यासारखं. चौघांच्या कुटुंबाला आठवडाभर पुरायला तांदूळ 6 किलो, किंवा तांदूळ 3 आणि कणीक 3 किलो. तूरडाळ 1 किलो, तेल 1 लिटर, कांदे-बटाटे 2-2 किलो, साखर अर्धा किलो, चहापूड 100 ग्रॅम, शिवाय मीठ, तिखट, हळद. आधी विचारा: भात की चपाती? गॅस आहे का? सोलापूरकडच्या घरात उकडे तांदूळ टाकले तर ते तसेच पडून राहतात, आणि सिलिंडर संपलेल्या खोलीत डाळीचा उपयोग शून्य. पावसाळ्यात ऊब म्हणजे कोरडं अंथरूण. छपराचे नळे (कौलं) गळत असतील तर पिशवीच्या आधी ताडपत्री पोचली पाहिजे. पिशवी घरी न्या, दोघं मिळून जा. चर्चच्या पायऱ्यांवर वाटप आणि फोटो दोन्ही नकोत. पिशवीत धर्माचं पत्रकही घालू नका. भुकेल्या माणसाला ‘नको’ म्हणायची सोय नसते.

देहाच्या दयेची, म्हणजे भुकेल्याला अन्न देण्यासारखी, सात कामं चर्चच्या परंपरेने सांगतात. त्यातलं आजाऱ्याला भेटणं आपल्याकडे सगळ्यात हाताशी आहे. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) दोडामार्ग-सावंतवाडीकडचे रुग्ण येतात, नातेवाईक बाहेर ताटकळतात. त्यांना प्रवचन नको असतं. फोन चार्ज करायची सोय, गरम पेज आणि तासभर रुग्णाशेजारी बसणारा माणूस हवा असतो.

सगळ्यात अवघड 13वं वचन: जो दया करत नाही त्याचा न्याय दयेविना होईल. मदतनिधीतले उसने पैसे बुडवले, दारू पिऊन भांडण केलं, अशी प्रकरणं समितीपुढे येतातच. मोठ्या देणगीदाराचा मुलगा असला की ‘वय आहे’, मजूर असला की ‘या लोकांचं असंच’. यावर एक पद्धत उपयोगी पडते. प्रकरण नाव, घराणं, वाडा न लिहिता कागदावर मांडा, निर्णय ठरवून लिहून ठेवा, मग नाव उघडा. नाव कळल्यावर निर्णय बदलावासा वाटला तर कारण त्याच कागदावर लिहायचं. बहुतेकदा लिहिण्यासारखं कारण सापडत नाही. दया म्हणजे हिशेब सोडणं नव्हे. पुन्हा मदत देताना भाडं थेट खोलीमालकाला, औषधाचे पैसे थेट फार्मसीत द्या, पण मुलांची पिशवी बापाच्या दारूपायी थांबवू नका.

प्रेषित पौल विश्वासाने तारण म्हणतो, याकोब कृतीविना विश्वास मेलेला म्हणतो, अशी दोघांची टक्कर लावायला अभ्यासगटात कुणीतरी असतोच. त्यात संध्याकाळ घालवू नका. कृत्यांनी तारण विकत मिळतं असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही. वेळ वाचला की प्रत्येकाला आपल्या घरातल्या दोन गोष्टी तपासायला सांगा. कामवाल्या बाईला चहा कुठल्या कपातून मिळतो? वेगळा, कान तुटलेला, खिडकीत उपडा ठेवलेला कप असेल तर तो त्याच दिवशी काढा. आणि माडावर चढणाऱ्याची, बाग साफ करणाऱ्याची मजुरी काम संपल्या संपल्या हातात पडते का? ‘सुटे नाहीत, रविवारी ये’ हे आठवडाभर चालतं. अडवलेल्या मजुरीबद्दल याकोब पाचव्या अध्यायात फार कडक बोलतो. कामाला बोलावण्याआधीच सुटे आणून ठेवा.