छोट्या विमानातून परदेशवारी: या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात भाचा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी लॅपटॉप घेऊन आला. चहा येईपर्यंतही त्याला धीर नव्हता. "मामा, बडोदा, हैदराबाद, त्रिची, कोलंबो. साधारण एक हजार साठ नॉटिकल मैल. एकशे दहा नॉटने दहा तास. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांत पोचतो, तिसऱ्या दिवशी समुद्रावर."

गणित बरोबर होतं (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल, सुमारे १.८५ किलोमीटर). मी एवढंच विचारलं, "त्रिचीला टाकीत काय भरणार?"

"मिळेल की काहीतरी. चालशे!"

हा 'चालशे' आम्हा बडोदेकर मराठी माणसांच्या तोंडात इतका मुरलाय की तो गुजराती आहे हेही विसरायला होतं. भाजीत मीठ कमी, चालशे. पाहुणे दोन जास्त, चालशे. चार सीटच्या विमानातून देशाबाहेर जायचं असेल तर मात्र तो बडोद्याच्या हरणी विमानतळाबाहेरच ठेवून यावा. मी स्वतः पाहिलेल्या आणि केलेल्या चुका खाली देतोय. जिथे जास्त पोळलो, तिथे जास्त लिहिलंय.

रेघ आधी, इंधन नंतर

सगळ्यात मोठी चूक हीच. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतलं चार सीटचं सेसना १७२ एव्हीगॅसवर, म्हणजे छोट्या विमानांच्या खास पेट्रोलवर चालतं. मोठ्या विमानांचं जेट इंधन प्रत्येक बऱ्या विमानतळावर मिळतं, एव्हीगॅस मिळत नाही. गंमत अशी की हे एव्हीगॅस २०२२ पासून आमच्या इथेच, कोयलीच्या गुजरात रिफायनरीत तयार होतं. त्याआधी ते परदेशातून यायचं. म्हणजे घरून स्कूटरवर जाता येईल इतक्या अंतरावर ते बनतं, आणि तरी हजार मैलांवरच्या धावपट्टीवर ते तुमची वाट पाहत असेल याची खात्री नाही. म्हणून आधी इंधन असलेल्या जागांवर टाचण्या मारा, मग त्या टाचण्यांमधून रेघ ओढा. 'फ्युएल अव्हेलेबल' एवढ्या उत्तरावर विश्वास ठेवू नका, ते बहुतेक वेळा जेटबद्दल असतं. कुठलं इंधन, किती लिटर, कोणत्या तारखेला, टँकरमधून की ड्रममधून, पैसे कार्डाने की रोख, हे सगळं लेखी मागवा. ड्रम साधारण २०० लिटरचा असतो. तुमच्या टाकीत दीडशेच मावले तरी बहुतेक ठिकाणी पैसे पूर्ण ड्रमचे द्यावे लागतात.

पश्चिमेकडे जायचं म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. १७२ च्या नव्या मॉडेलमध्ये वापरता येण्यासारखं इंधन सुमारे २०० लिटर. तासाला ३७ लिटर धरलं तर पाच तास वीस मिनिटं, म्हणजे वारा नसताना ५९० नॉटिकल मैल, तेही टाकी कोरडी करून. अहमदाबाद ते मस्कत अंतर आहे ७९० च्या आसपास, म्हणजे वाटेत थांबा हवाच. जे. आर. डी. टाटांनी १९३२ मध्ये टपाल घेऊन विमान आणलं ते कराची, अहमदाबाद, मुंबई असं. त्या काळी कराची हा साधा थांबा होता. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी आपलं आकाश बंद केलं आणि मग मुदत वाढवत नेली. जुन्या नकाशावर हे दिसत नाही, नोटॅममध्ये (वैमानिकांसाठी निघणाऱ्या ताज्या सूचनांमध्ये) दिसतं. नोटॅम निघायच्या आदल्या रात्री वाचायचे नसतात, बेत आखायला बसाल त्या दिवशी वाचायचे.

आता इंधन भरतानाचा धोका. लांबून आलेल्या छोट्या विमानाकडे जेटचा टँकर आपणहून येतो, कारण भरणाऱ्याला तेवढंच ठाऊक असतं. त्या वेळी चहा प्यायला जाऊ नका. पंखाजवळ उभे राहा. १०० एलएल प्रतीचं एव्हीगॅस निळसर असतं, जेट रंगहीन किंवा फिकट पिवळं. शंका आली तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. एव्हीगॅस उडून जातं, जेट तेलकट डाग सोडतं. चुकीचं इंधन गेलंच असेल तर इंजिन चालूच करू नका. "थोडंच गेलंय, मिसळून जाईल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. सगळ्या टाक्या आणि लाइनी रिकाम्या करून, धुऊन, मेकॅनिकच्या सहीनंतरच पुढे.

मापंही तपासा. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा. मोठ्यांचीही यात फसगत झाली आहे. जुलै १९८३ मध्ये एअर कॅनडाचं बोइंग ७६७ पौंड आणि किलोच्या घोळामुळे हवेतच इंधनाविना राहिलं आणि कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरलं. तुमच्याकडे ना त्यांची उंची असणार, ना त्यांचं नशीब.

वजन अंदाजाने धरणं

१७२ चं जास्तीत जास्त वजन ११५७ किलो. रिकामं विमान, उपकरणं धरून, समजा ७७०. उरले ३८७. पूर्ण इंधनाचे १४४ गेले की २४३. पंचाहत्तरचे तीन जण बसले तर सामानाला अठरा किलो राहतात, आणि त्यात लाइफ जॅकेटं, तेलाचे डबे, टो बार (जमिनीवर विमान ओढायचा दांडा), कागदांची फाइल, सगळं आलं. चौथी सीट आहे म्हणून चौथा माणूस न्यायचा नसतो.

वजन विचारू नका, काट्यावर उभं करा. आमच्या भाच्याने स्वतःचं वजन 'सत्तर' सांगितलं होतं. किराणावाल्याच्या काट्यावर बूट आणि हेडसेटसकट साडेअठ्ठ्याहत्तर भरलं. त्याच्या आईने दिलेल्या पिशवीत चार किलो लिलो चेवडो आणि भाकरवडी निघाली.

त्यात उन्हाळा. बडोद्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम १३० फुटांवर आहे, पण मे महिन्याच्या ४२ अंशांत विमानाला ती साधारण ३३०० फुटांवर असल्यासारखी वाटते. हैदराबादला ४० अंश असतील तर साडेपाच हजार. धाव लांबते, चढण मंदावते. हँडबुकातला तक्ता उघडून खरं तापमान घालून बघा.

तारीख घड्याळावरून वाचणं

ही माझी स्वतःची फजिती, म्हणून सविस्तर सांगतो. मित्राच्या विमानातून कोलकात्याहून ढाक्याला निघालो होतो. मे महिना. कोलकात्यात तेव्हा पाचच्या आत सूर्य उगवतो, आणि दुपारनंतर कालबैसाखीची वादळं उठतात, म्हणून पहाटे ४ वाजून ५० मिनिटांनी निघायचं ठरवलं. बांगलादेशात शिरायचा परवाना बारा तारखेचा. निघालो तेही बाराला, असं आम्ही समजत होतो.

विमान वाहतुकीचं सगळं कामकाज यूटीसीवर, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेवर चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. आमचे ४.५० म्हणजे यूटीसीनुसार अकरा तारखेचे २३.२०. सरहद्द ओलांडेपर्यंतही यूटीसीत अकराच तारीख असणार होती. कोलकात्याच्या विमानतळावरचा माणूस काउंटरपलीकडून शांतपणे म्हणाला, "आपका परमिट कल का है." आम्ही हसलो, तो हसला नाही.

वाटेल की अर्धा-पाऊण तास थांबलो की प्रश्न मिटला. तसं होत नाही. वेळ बदलली म्हणून फ्लाइट प्लॅन बदलला, त्याबरोबर एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षणाची मंजुरी) यांचे नंबर पुन्हा घ्यावे लागले. तोवर पलीकडच्या एजंटाचा फोन लागेना, कारण दिवस शुक्रवार, आणि बांगलादेशात सुट्टी शुक्रवार-शनिवारची. दुपार झाली, वायव्येला काळं दिसायला लागलं. निघालो दुसऱ्या दिवशी.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक टप्प्यापुढे दोन रकाने असतात, स्थानिक आणि यूटीसी, आणि दोन्हींत तारीख लिहिलेली असते. नेपाळ ५.४५ ने पुढे, म्यानमार ६.३० ने, श्रीलंका आपल्याइतकीच, ओमान ४ तासांनी. परवाना मागताना शक्य तर 'अधिक ७२ तास' असा मोकळा काळ मागा. मिळाला नाही तर निदान ठाऊक तरी राहतं.

कागदांना कमी लेखणं

१९४४ च्या शिकागो कराराच्या २९ व्या कलमात विमानात काय काय हवं ते दिलंय: नोंदणीपत्र, एअरवर्दीनेसचं (विमान उडण्यालायक असल्याचं) प्रमाणपत्र, चालकाचा परवाना, जर्नी लॉगबुक, रेडिओचा परवाना, प्रवाशांची यादी. मूळ प्रती सोबत ठेवा. फोनमधला फोटो दाखवून काम होत नाही. विम्याच्या पॉलिसीत कुठल्या देशांपर्यंत संरक्षण आहे ती ओळ शोधा. बहुतेक जण रक्कम बघतात, हद्द बघत नाहीत.

हरणीचं टर्मिनल झकास आहे म्हणून थेट तिथूनच परदेशी निघता येईल असं धरू नका. त्या दिवशी, त्या वेळी कस्टम्स आणि इमिग्रेशन हजर असेल का, ते लेखी विचारा. तसंच, जनरल डिक्लेरेशनवर (विमान आणि त्यातल्या माणसांची माहिती देणाऱ्या फॉर्मवर) 'क्रू' म्हणून नाव घातलं की व्हिसा लागत नाही हा समज सगळीकडे खरा ठरत नाही. खाजगी वैमानिकाला बऱ्याच ठिकाणी साधा पर्यटक धरतात.

आणि हो, रावपुऱ्यात जाऊन विमानाच्या नोंदणी क्रमांकाचा एक गोल रबरी शिक्का करून घ्या. हसू नका. शिक्का मारलेल्या डिक्लेरेशनकडे आपल्या भागातला कुठलाही कारकून वेगळ्या नजरेने बघतो. शाईचा पॅडही घ्या, मी विसरलो होतो.

समुद्र 'छोटासाच' समजणं

रामेश्वर डावीकडे मागे पडलं की मन्नारचं आखात सुरू होतं. जमीन दिसत राहते म्हणून जवळ वाटते. इंजिन बंद पडलं तर १७२ दर हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल तरंगतं. आठ हजार फुटांवरून बारा. त्यापलीकडे पाणीच. म्हणून लाइफ जॅकेट मागच्या सामानात नको, अंगात घातलेलं हवं, आणि दाराबाहेर पडेपर्यंत फुगवायचं नाही. आत फुगवलेलं जॅकेट तुम्हाला छताला चिकटवून ठेवतं.

जुना ईएलटी (अपघात झाला की संकटाचा संदेश पाठवणारं यंत्र) फक्त १२१.५ मेगाहर्ट्झचा असेल तर तो बदला. त्या फ्रिक्वेन्सीवर उपग्रहांनी कान देणं फेब्रुवारी २००९ पासून बंद झालंय. ४०६ वालाच हवा, आणि तोही नोंदवलेला.

परदेशी वैमानिक सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर घेण्याचा आग्रह धरतात. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. पण भारतात परवानगीशिवाय असलं यंत्र बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळांवर त्यासाठी लोकांना ताब्यात घेतलेलं आहे. परवानगी नसेल तर घेऊच नका.

दमट हवेत आणखी एक घोळ होतो. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या १७२ मध्ये बाहेर वीस-पंचवीस अंश असतानाही आत बर्फ धरतो. आरपीएम (इंजिनाचे फेरे) हळूहळू उतरायला लागले की कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी मूठ, पूर्ण ओढा. इंजिन क्षणभर जास्तच खडबडतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं. घाबरून हीट परत बंद करतात, तिथेच चुकतं. ओढून ठेवा.

सुट्या भागांचं म्हणाल तर जास्त नको, पण दोन स्पार्क प्लग आणि त्यांचा पाना ठेवाच. १९३० च्या आगाखान स्पर्धेत (भारत-इंग्लंड अंतर एकट्याने उडायचं) अस्पी इंजिनीअर नावाचे तरुण वैमानिक प्लगांवाचून इजिप्तमध्ये अबूकिरला अडकले होते. त्याच स्पर्धेत उलट दिशेने, समोरून आलेल्या जे. आर. डीं.नी आपल्याकडचे प्लग त्यांना दिले, आणि अस्पी थोडक्या तासांनी तीच स्पर्धा जिंकले. तुमच्या समोरून टाटा येतीलच असं नाही.

सुट्टी बघून तारीख ठरवणं

भाच्याच्या बेतातली ही चूक मला सगळ्यात उशिरा दिसली, कारण आपण पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर असं धरून चालतो. दिवाळीत बडोद्याचं आकाश काचेसारखं स्वच्छ असतं. पण ऑक्टोबर ते डिसेंबर हाच तामिळनाडू आणि श्रीलंकेच्या बाजूला ईशान्य मोसमी पावसाचा काळ, बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही. त्या वाटेला फेब्रुवारी बरा.

त्याने आता फेब्रुवारीचा रजेचा अर्ज दिलाय. जायची तारीख लिहिली आहे, परतीची मोकळी सोडली आहे, आणि त्यावरून त्याच्या साहेबाशी वाद चालू आहे.