जुनी फियाट ऐंशीवर डुलते? रुंद टायर घेण्याआधी या चुका टाळा

साठपर्यंत गाडी बरी चालते. ऐंशीला पोचली की स्टिअरिंगशी झटापट सुरू होते, आणि गोव्यात झुआरीच्या नव्या पुलावर बाजूचा वारा लागला की लेनच सोडते. ही तक्रार घेऊन माझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्याच्या डोक्यात उपाय आधीच ठरलेला असतो. रुंद टायर टाकू, स्प्रिंग कापून गाडी खाली घेऊ, कडक शॉकअप बसवू. व्हिडिओ बघून आलेला असतो ना. गाडी असते चाळीस-पंचेचाळीस वर्षांची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिला, शेवटचं ग्रीस कधी मारलं विचारलं, की तो माझ्याकडे बघतच राहतो.

कारखान्यातून निघाली तेव्हा ही गाडी डुलत नव्हती. १०८९ सीसीचं इंजिन, पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वरचे-खालचे आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (पानांची स्प्रिंग). तेवढ्या ताकदीला ही रचना पुरून उरते. आज डुलते ती झिजलेली आहे म्हणून, आणि झिजलेल्या गाडीवर चढवलेला प्रत्येक नवा पार्ट फक्त झीज लपवतो.

स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून प्ले काढणे

ही चूक मी इतक्या वेळा बघितली आहे की आता राग येतो. स्टिअरिंगला चार बोटं प्ले आहे, म्हणजे तेवढं फिरवलं तरी चाकं हलत नाहीत. मेस्त (मेकॅनिक) बॉनेट उघडतो, बॉक्सवरचा लॉकनट सैल करतो, स्क्रू आवळतो, प्ले गायब. पाच मिनिटांचं काम. मालकही खूश.

आत काय होतं ते बघा. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे बॉक्समधला वर्म (स्क्रूसारखा गिअर) मधोमध जास्त झिजतो आणि दोन्ही टोकांना जवळजवळ नवाच राहतो. मधला प्ले मरेपर्यंत स्क्रू आवळला, की टोकांकडे तो दाबून बसतो. पार्किंगमध्ये हे फारसं जाणवत नाही, स्टिअरिंग थोडं जड लागतं इतकंच. घाटात जाणवतं.

डिचोलीचा एक पोरगा आजोबांची पद्मिनी घेऊन चोर्ला घाटाकडे निघाला होता. आदल्या दिवशीच कुठेतरी हा स्क्रू आवळून घेतलेला. केरीच्या वर चढताना एका तीव्र वळणावर त्याने स्टिअरिंग पूर्ण घुमवलं आणि सवयीप्रमाणे हात ढिला सोडला. ते परत आलंच नाही. घाबरून त्याने जोर लावून ओढलं, तर अडकलेलं सुटलं आणि गाडी सरळ पलीकडच्या लेनमध्ये. समोरून बेळगावचा भाजीचा टेम्पो. टेम्पोवाल्याने ब्रेक दाबले म्हणून बरं, पोराने उलट ओढलं आणि डावं चाक गटारात. माणूस धड राहिला, खालचा आर्म वाकला.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा बॉक्सला हात लावण्याआधी मी आयडलर आर्म, म्हणजे स्टिअरिंगचे रॉड पलीकडच्या बाजूला तोलणारा आर्म, धरून बघितला. हातानेच वरखाली होत होता, आतली बुशं पार भुगा. म्हणजे चार बोटांतला निम्म्याहून जास्त प्ले तिथला होता आणि शिक्षा बॉक्सला झाली. आयडलरचा किट बदलला, बाहेरचे दोन टाय रॉड एंड (रॉडचे चाकाकडचे जॉइंट) बदलले, बॉक्सचा स्क्रू होता तसा मागे घेतला. उरलेला प्ले बोटभरसुद्धा नव्हता आणि मी तो तसाच ठेवला. जुन्या बॉक्सला तेवढा असू द्यावा.

तपासायची माझी पद्धत सोपी आहे. चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकाला स्टिअरिंगवर बसवायचं आणि दोन्हीकडे हलकंसं हलवत राहायला सांगायचं. आपण खाली आडवं होऊन प्रत्येक जॉइंटवर बोट ठेवायचं, निम्मं बोट एका भागावर, निम्मं दुसऱ्यावर. जिथे एक भाग हलतो आणि दुसरा उशिरा हलतो तिथे पैसा खर्च करायचा. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवायचं. हलतंय? मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा, ब्रेक दाबूनही हलत राहिलं तर किंगपिनचा. एवढं करून मगच बॉक्सकडे वळायचं, आणि तेही ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून निघणारा आर्म) रॉड सोडवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघत.

किंगपिनला ग्रीस मारताना चाक हवेत ठेवा. गाडीचं वजन पिनवर असेल तर ज्या बाजूला ग्रीस हवं तिथे ते पोचतच नाही. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन चालवा. पावसाळ्यानंतर मी हे न चुकता करतो.

नाक खाली घालणे

पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला की गाडी फोटोत झकास दिसते, यावर वाद नाही. आता हिशेब करू. पद्मिनीचा व्हीलबेस सुमारे २.३४ मीटर. नाक चार सेंटिमीटर खाली गेलं आणि मागची उंची तीच राहिली, तर अख्खी बॉडी जवळपास एक अंश पुढे झुकते. बॉडीबरोबर किंगपिनही तेवढाच पुढे कलतो, म्हणजे कॅस्टर, किंगपिनचा मागे झुकलेला कोन, एक अंशाने कमी. वेगात गाडीला आपोआप सरळ ठेवतो तो हाच कॅस्टर. मुळात तो फार नसतोच, त्यातला एक अंश तुम्ही कटरने उडवलात आणि वर विचारता की गाडी सरळ का राहत नाही.

मागे एक पान वाढवून गाडी उंच करणाऱ्यांचंही हेच होतं. आपल्याकडे खड्ड्यांपायी हे सर्रास चालतं. मागची बाजू वर म्हणजेच नाक खाली.

शिवाय कापलेली स्प्रिंग लांबीला कमी होते आणि कडकही होते, आणि सस्पेन्शनला खाली जायला जागा उरत नाही. वळणात मध्येच खड्डा आला की आर्म थेट रबर स्टॉपवर आदळतो आणि पुढचं टायर पकड सोडतं. गॅसने कापलेली असेल तर तिथलं पोलादही नरम पडलेलं असतं. अशी स्प्रिंग मी परत बसवत नाही, मालकाने कितीही गळ घातली तरी.

रुंद चाकं आणि स्पेसर (चाकामागे घालायची चकती) हे त्याच आजाराचं दुसरं रूप. चाक बाहेर सरकलं की रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा स्टिअरिंगला हिसका देतो आणि बेअरिंगवर जादा भार येतो. मूळच्या ५.२०-१४ टायरच्या जागी १५५/८० आर १४ रेडियल घाला, व्यास जवळपास तोच राहतो. याहून रुंद टायर कशाला हवं हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

बाकीच्या, थोडक्यात

पुढे रेडियल आणि मागे जुने क्रॉसप्लाय (रेडियलच्या आधीच्या बनावटीचे टायर): हे कधीही करू नका. मागची पकड आधी सुटते. पैसे दोनच टायरचे असतील तर थांबा, चारही एकदम घ्या.

पेट्रोल पंपावर हवावाला विचारतो ‘किती?’ आणि आपण म्हणतो ‘तीस, सगळीकडे.’ फोक्सवॅगन बीटल असेल तर हे फार महागात पडतं. तिचं इंजिन मागे आणि वजनही मागेच जास्त, म्हणून पुढे हवा बरीच कमी आणि मागे जास्त ठेवायची असते. समान हवा भरली की वळणात शेपूट बाहेर येतं, आणि घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की मागची चाकं आत दुमडतात. स्टँडर्ड हेराल्डलाही मागे स्विंग अॅक्सलच (चाकाबरोबर झुलणारा अॅक्सल), तिलाही वळणात अचानक पाय काढलेला चालत नाही. स्वतःचा गेज ठेवा, सकाळी टायर थंड असताना मोजा.

विशबोनची रबरी बुशं बसवून गाडी जॅकवर असतानाच बोल्ट शेवटपर्यंत आवळणे. गाडी खाली आली की ती बुशं कायम पिळलेली राहतात आणि लवकर फाटतात. चाकं जमिनीवर टेकवा, गाडी चार वेळा दाबून बसू द्या, मग आवळा.

झिजलेल्या किंगपिनवर कॉम्प्युटर अलाइनमेंट. कागद छान येतो. रॅम्पवरून उतरताना आकडे बदललेले असतात.

थरथर थांबवायला स्टिअरिंग डॅम्पर लावणे: आधी बॅलन्सिंग करा, मग प्ले शोधा. डॅम्परने हाताला कळायचं बंद होतं, दोष तिथेच राहतो.

ड्रम ब्रेक एका बाजूला ओढत असतील तर वेगाची गोष्टच काढू नका.

आणि गोव्यातल्या गाड्यांसाठी एक खास. खारी हवा, चार महिने पाऊस आणि बॉक्स सेक्शनमध्ये घट्ट बसलेली लाल माती. मागच्या पाट्यांचा पुढचा हँगर जिथे बॉडीला धरतो तिथे जाड स्क्रूड्रायव्हर जोर लावून टोचा. पद्मिनीला वेगळी चासी नाही, सगळा भार त्या पत्र्यावर. स्क्रूड्रायव्हर आत गेला तर अख्खा मागचा अॅक्सल वेगात तिरका होत असतो आणि तुम्ही पुढे शोधत बसलेले असता. वरून अंडरकोट मारलेला असेल तर तो खरवडूनच बघा. ताज्या काळ्या अंडरकोटवर मी मुळीच विश्वास ठेवत नाही, विशेषतः गाडी विकायला काढली असेल तेव्हा. पत्रा गेला असेल तर आधी वेल्डर गाठा आणि टायरचे पैसे त्याला द्या.