खिशातला घडीचा चाकू निवडताना काय बघावं

चाकू बघायला जाण्याआधी आठवडाभर एक करा. "आत्ता हातात चाकू हवा होता" असं वाटेल तेव्हा ते काम टिपून ठेवा. बहुतेकांच्या यादीत खोक्याची चिकटपट्टी, सुतळी, केबल टाय, प्लास्टिकचं कडक वेष्टन आणि एखादं फळ एवढंच निघतं. लाकूड फोडणं किंवा डबा उचकटणं त्यात नसतं, आणि असलंच तर ते घडीच्या चाकूचं काम नव्हे. तरीही बरेच जण जाड पात्याचा, वजनदार, दिसायला दणकट चाकू घेतात आणि महिन्याभरात तो खणात जाऊन पडतो.

पात्याची लांबी साडेसहा ते आठ सेंटिमीटर पुरते. सफरचंद मधोमध कापता येतं आणि चारचौघांत चाकू काढला तर कुणी दचकत नाही. मूठ मात्र पात्याच्या हिशोबाने नव्हे, तुमच्या पंजाच्या हिशोबाने घ्या: चारही बोटं मावायला साधारण नऊ-दहा सेंटिमीटर लागतात. वजन शंभर ग्रॅमच्या पुढे गेलं की पातळ कापडाचा खिसा लोंबतो. ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या आठ नंबरच्या चाकूचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, पण मूठ लाकडी असल्याने तो खिशात आहे हेही विसरायला होतं.

आता जाडी. इथेच लोक फसतात, कारण सगळ्यांचं लक्ष स्टीलच्या नावाकडे असतं. चाकू कापतो तो धारेच्या लगेच वरची जाडी कमी असते म्हणून. ती ०.३ ते ०.४ मिलिमीटर असेल तर पुठ्ठा सरसर कापला जातो, ०.८ च्या आसपास असेल तर कितीही धार लावा, पातं पाचरीसारखं अडकतं. सफरचंदावर हे लगेच कळतं. पातळ पातं आवाज न करता खाली उतरतं, जाड पातं अर्ध्यावर जाऊन फळ "कट्" करून फोडतं. पाठीकडे दोन ते अडीच मिलिमीटर जाडी असलेलं आणि पाठीपासून धारेपर्यंत सपाट निमुळतं होत गेलेलं पातं रोजच्या कामाला उत्तम. दातेरी धार दोरीला छान चालते, पण सपाट दगडावर तिला धार लावता येत नाही. साधीच घ्या.

स्टीलबद्दल थोडक्यात. १४सी२८एन किंवा व्हीजी-१० सारखं स्टेनलेस या कामांना पुरून उरतं. डी२ नावाचं स्टील धार जास्त टिकवतं, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही. त्यात १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असलं तरी त्यातलं बरंच कार्बाइडमध्ये (कार्बनशी जोडलेल्या कठीण कणांत) अडकलेलं असतं, म्हणून घामाने त्यावर डाग पडतात. साधं कार्बन स्टील दगडावर भराभर धार घेतं आणि लिंबू कापून तसंच ठेवलं तर काळं पडतं. पात्यावर ग्रेडचं नाव नसून नुसतं "सर्जिकल स्टेनलेस" लिहिलेलं असेल, तर त्यातून काहीच कळत नाही. तिथे पैसे जपून खर्च करा.

लॉक, म्हणजे उघडलेलं पातं जागेवर अडकवून ठेवणारी सोय, मात्र हातात घेऊनच तपासा. काही चाकूंना लॉक नसतो, पाठीची स्प्रिंग फक्त पातं दाबून धरते. असा चाकू कापायला ठीक, पण टोकाने भोक पाडायला वापरू नका. टोक अडकलं की पातं बोटांवर मिटतं. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पोलादी पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. पातं उघडून आत डोकावून बघा. बुडाच्या रुंदीच्या पाव ते निम्म्या भागावर पट्टी टेकलेली असावी. नव्या चाकूतच ती पार पलीकडच्या बाजूला पोचली असेल, तर झीज झाल्यावर तिला सरकायला जागा उरत नाही. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पाठ टेबलाच्या कडेवर हळूहळू दाबा. आपटू नका. लॉक जरा जरी सरकला तरी तो चाकू परत ठेवा.

पातं चिमटीत धरून हलवूनही बघा. डावी-उजवीकडे हलत असेल तर मधला स्क्रू थोडा आवळून भागतं. त्याला बहुधा टी६ किंवा टी८ मापाचा टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर) लागतो. वर-खाली हलत असेल तर दोष लॉकच्या बैठकीत आहे, तो घरी दुरुस्त होत नाही. शेवटी चाकू मिटून उलटा धरा आणि झटका द्या. पातं आपोआप बाहेर यायला नको. खिशाच्या काठाला अडकवायच्या क्लिपने टोक वर ठेवून अडकवलेला चाकू खिशात अर्धवट उघडला, तर आत गेलेल्या हाताला आधी धारच लागते.

डावखुऱ्यांनी बॅक लॉक (मुठीच्या पाठीवर दाबून सुटणारा) किंवा दोन्ही बाजूंनी ओढता येणारा आडव्या दांडीचा लॉक बघावा. लायनर लॉकची पट्टी सहसा उजव्या अंगठ्याच्या सोयीने बसवलेली असते.

उघडण्याची तऱ्हा ओल्या हाताने करून बघा. नखाच्या खाचेला दोन्ही हात लागतात आणि नख ओलं असेल तर ते घसरतं. पात्यावरचं भोक किंवा अंगठ्याचा खुंट सोपा. बटण दाबताच उघडणारे चाकू टाळा: खिशातले धागे आत गेले की ते अडतात, आणि बऱ्याच ठिकाणी कायद्यातही बसत नाहीत. कायदा देशागणिक वेगळा आहे. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय जवळ बाळगायचा तर चाकू घडीचा, लॉक नसलेला आणि जास्तीत जास्त ३ इंच धारेचा लागतो. विमानप्रवासात तो केबिनच्या सामानात नको, चेक-इनच्या बॅगेत टाका.

मुठीला जी-१० (काचतंतू आणि राळेचं कडक पत्र्यासारखं साहित्य) असेल तर पकड पक्की बसते, पण क्लिपखालचा खरखरीत भाग पँटचा खिसा कुरतडतो. तेवढीच जागा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या. क्लिपचे स्क्रू ढिले होतातच. काढून निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू पक्के धरून ठेवणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावा. लाल नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. लाकडी मूठ भिजली की फुगते आणि पातं जाम होतं. अशा वेळी जोर न लावता ती सावलीत वाळू द्या.

धार बोथट झाली की प्रत्येक बाजूला वीस अंशांच्या आसपास कोन ठेवा. तो मोजायला यंत्र लागत नाही. पात्याची रुंदी २० मिलिमीटर असेल तर पाठ दगडापासून ७ मिलिमीटर वर धरा. १००० ग्रिटच्या दगडावर एक बाजू घासत राहा, पलीकडच्या कडेला नखाला लागेल अशी बारीक कोर जाणवली की बाजू बदला. घासण्यापूर्वी धारेचं बूड, म्हणजे मुठीजवळचं टोक, बघून घ्या. तिथे छोटी खाच नसेल तर बुडाचा भाग दगडाला नीट टेकत नाही आणि काही महिन्यांनी तिथे उंचवटा राहतो.

पातं जड उघडायला लागलं तर आधी तेल ओतू नका. कोमट साबणाच्या पाण्यात उघड-मीट करून आतली घाण काढा, पूर्ण वाळवा आणि मगच बिजागरीच्या जागी मिनरल ऑइलचा एक थेंब सोडा. स्वयंपाकाचं तेल काही आठवड्यांत चिकट होतं आणि पातं पहिल्यापेक्षा जास्त अडतं.