संगणकाच्या लॉगिनसाठी स्मार्ट कार्ड: चिप निवडण्यापासून कार्ड हरवल्यानंतरच्या पहिल्या तासापर्यंत

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत गळ्यातलं कार्ड नवीन नाही. गेटवर टेकवलं की हजेरी लागते. तेच कार्ड संगणकाच्या लॉगिनला वापरायचं ठरलं, की आधी त्यात कोणती चिप आहे ते बघा. हजेरीची जुनी कार्डं बहुधा १२५ किलोहर्ट्‌झची असतात. ती रीडरला फक्त एक नंबर सांगतात, आणि तो नंबर टिपून दुसरं कार्ड बनवायला स्वस्तातलं यंत्र पुरतं. १३.५६ मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या मायफेअर क्लासिक या कार्डाची कूटपद्धतही २००८ मध्येच फोडली गेली. लॉगिनसाठी ही दोन्ही बाद.

हवं ते कार्ड वेगळं. त्याच्या चिपमध्ये प्रोसेसर असतो, गुप्त किल्ली त्या चिपमध्येच तयार होते आणि बाहेर पडत नाही. सर्व्हर दर वेळी नवा आकडा पाठवतो, चिप त्यावर सही करून देते, सर्व्हर ती सही सर्टिफिकेटशी (किल्ली कोणाची हे सांगणाऱ्या डिजिटल दाखल्याशी) ताडून पाहतो. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होणाऱ्या ई-पासपोर्टातली बिनस्पर्शी चिपही याच घराण्यातली. खरेदी करताना पीआयव्ही हे ओळख-कार्डांचं अमेरिकी सरकारी मानक पाळणारं कार्ड मागा. विंडोज ते वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखतं, लिनक्सवर ओपनएससी हे सॉफ्टवेअर पुरतं.

एक गैरसमज इथेच दूर करू. जीएसटी आणि टेंडरसाठी घेतलेलं डीएससीचं (डिजिटल सहीचं) यूएसबी टोकन आतून स्मार्ट कार्डच असतं, पण त्यातलं सर्टिफिकेट परवानाधारक संस्थेने कागदपत्रांवर सही करण्यासाठी दिलेलं असतं. त्यात तुमच्या डोमेनमधलं, म्हणजे कंपनीच्या संगणकांच्या आणि खात्यांच्या जाळ्यातलं, वापरकर्त्याचं नाव नसतं. त्याने विंडोजचं लॉगिन होईल अशी अपेक्षा धरू नका, आणि मालकाचं ते टोकन अकाउंट्सच्या टेबलावर रोज खोचून ठेवण्याची सवय तर आजच मोडा.

किती आणि काय घ्यायचं

समजा १२० माणसं आणि ९० संगणक आहेत. मग १४० कार्डं आणि १०० रीडर घ्या. आयटीच्या प्रत्येक माणसाला दोन कार्डं लागतात: एक रोजच्या खात्याचं, एक ॲडमिन खात्याचं. रीडर सीसीआयडी प्रकारचा (यूएसबी रीडरचं ठरलेलं मानक पाळणारा) असावा. वीज न मिळणाऱ्या यूएसबी हबवर तो लावू नका. स्पर्श आणि बिनस्पर्शी दोन्ही चालणारं कार्ड महाग पडतं, तरी तेच घ्यावं. दार, कँटीन आणि संगणक एकाच कार्डावर असले की चहाला उठणारा माणूस कार्ड काढूनच उठतो. दाराच्या रीडरला मात्र चिपचा नुसता नंबर वाचू देऊ नका. कार्डात डेसफायर ईव्ही२ किंवा ईव्ही३ ही चिप असेल तर किल्लीने पडताळणी करायला लावा, नाहीतर तुम्ही पुन्हा १२५ किलोहर्ट्‌झच्याच जागी येता.

शॉप फ्लोअरवर कूलंट आणि धातूची भुकटी सोनेरी पट्ट्यांवर बसते आणि कार्ड ‘दिसेनासं’ होतं. आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या मऊ फडक्याने पुसलं की बहुधा चालतं. तिथे बिनस्पर्शी लॉगिन करावंसं वाटेल, पण पीआयव्हीमध्ये साध्या बिनस्पर्शी जोडणीवर पिन स्वीकारला जात नाही, त्यासाठी कार्ड आणि रीडरमध्ये सुरक्षित वाहिनी लागते. म्हणून पाच नमुना कार्डं मागवा, तुमच्याच मशीनवर चालवा, मगच ऑर्डर द्या.

कार्डाला दोरीसाठी भोक पाडू नका. आतला अँटेना कार्डाच्या कडेने फिरतो, तो तुटला की दार उघडत नाही. प्लास्टिकचं होल्डर वापरा. फोटो छापायला रीट्रान्सफर प्रिंटर बरा. साध्या प्रिंटरचं हेड चिपच्या उंचवट्यावर अडखळतं. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर कार्ड ठेवलं तर ते वाकतं.

सर्टिफिकेटची व्यवस्था

विंडोज डोमेन धरून सांगतो. सर्टिफिकेट देणारे सर्व्हर दोन पायऱ्यांचे ठेवा. मूळ सर्व्हर नेटवर्कला कधीच न जोडलेला आणि तिजोरीत बंद, दुसरा रोज सर्टिफिकेट देणारा. मूळ सर्व्हरची रद्द-यादी (रद्द केलेल्या सर्टिफिकेटांची यादी) ६ ते १२ महिन्यांनी नव्याने काढावी लागते. ती तारीख चुकली की सगळ्या कंपनीचं लॉगिन एकाच सकाळी बंद पडतं, कारण सर्टिफिकेट रद्द झालंय की नाही हे सर्व्हरला ठरवता येत नाही. कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची आठवण दोन वेगवेगळ्या माणसांच्या नावाने लावा.

सर्टिफिकेटसाठी ‘स्मार्टकार्ड लॉगऑन’ टेम्प्लेटची (तयार नमुन्याची) प्रत काढा आणि त्यात एवढं बदला:

१. किल्ली स्मार्ट कार्डातच तयार होईल असा प्रोव्हायडर (किल्ल्या सांभाळणारा विंडोजचा घटक), आरएसए २०४८ बिट.
२. नाव ॲक्टिव्ह डिरेक्टरीतूनच (डोमेनमधल्या खात्यांच्या नोंदवहीतूनच) घ्यायचं. ‘अर्जात नाव द्या’ हा पर्याय बंद. तो चालू राहिला, तर टेम्प्लेटवर हक्क असलेला कोणीही डोमेन ॲडमिनच्या नावाने सर्टिफिकेट मागू शकतो.
३. मुदत १ वर्ष. कंत्राटी माणसाला कंत्राटाच्या मुदतीएवढीच.
४. अर्जावर एन्रोलमेंट एजंटची १ सही सक्तीची.

हा एजंट कोणाच्याही नावाचं कार्ड काढू शकतो, म्हणून त्याचं सर्टिफिकेटही कार्डातच ठेवा. सर्टिफिकेट सर्व्हरच्या गुणधर्मांत ‘एन्रोलमेंट एजंट्स’ या टॅबवर तो कोणत्या गटाला कार्ड देऊ शकतो ते बांधून टाका. ॲडमिनचा गट त्यात नको.

डोमेन कंट्रोलरलाही (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरलाही) ‘केर्बेरॉस ऑथेंटिकेशन’ टेम्प्लेटचं सर्टिफिकेट लागतं, आणि देणारा सर्व्हर एनटीऑथ या, लॉगिनसाठी विश्वासू मानलेल्या सर्टिफिकेट सर्व्हरांच्या, यादीत असावा लागतो. मे २०२२ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने सर्टिफिकेट आणि खातं यांची घट्ट जोडणी आणली, आणि २०२५ मध्ये ती सक्तीची झाली. डिरेक्टरीतून नाव घेणाऱ्या टेम्प्लेटमध्ये खात्याचा एसआयडी (विंडोजचा ओळख-क्रमांक) आपोआप उतरतो. जुन्या किंवा बाहेरून आणलेल्या सर्टिफिकेटमध्ये तो नसतो. अशा कार्डाने लॉगिन नाकारलं गेलं की डोमेन कंट्रोलरच्या सिस्टम लॉगमध्ये ३९ क्रमांकाची नोंद शोधा. ती असेल तर नवं सर्टिफिकेट काढणं हाच सरळ उपाय.

कार्ड हातात देताना

या टेबलावर घाई चालत नाही. टाइम ऑफिसमध्ये मूळ ओळखपत्र आणि चेहरा ताडून पाहा, माणूस समोर असतानाच किल्ली कार्डात तयार करा, पिन त्याचा त्यालाच टाकू द्या. कार्डं गठ्ठ्याने बनवून सुपरवायझरकडे वाटायला देणं म्हणजे कोणाचं कार्ड कोणाकडे आहे याचा पुरावाच सोडून देणं.

पिन ६ ते ८ अंकी ठेवा. एवढा छोटा पिन पुरतो, कारण ठरावीक चुकांनंतर कार्ड स्वतः बंद होतं, आणि पिन ओळखायला आधी कार्ड हातात लागतं. चुकांची मर्यादा ३ ते ५ ठेवा. कार्ड बनवणाऱ्याकडून आलेले पिन आणि पीयूके (बंद झालेला पिन उघडणारा क्रमांक) बदलल्याशिवाय कार्ड देऊ नका. युबिकीवर (पीआयव्ही कार्डाचं काम करणाऱ्या यूएसबी टोकनवर) ते १२३४५६ आणि १२३४५६७८ असतात आणि ते जगजाहीर आहेत. पीयूके प्रत्येक कार्डाचा वेगळा असू द्या. त्याची नोंद आयटीकडे, वापरकर्त्याकडे नाही.

मेल कूटबद्ध करायचे असतील तर त्यासाठीची किल्ली वेगळी आणि तिची राखीव प्रत सर्व्हरवर हवी. नाहीतर कार्ड तुटलं की जुने मेल कायमचे गेले. लॉगिनच्या किल्लीची प्रत मात्र कधीच ठेवू नका.

सक्ती कधी लावायची

पहिले दोन आठवडे वेगवेगळ्या विभागांतली दहा माणसं. कार्ड काढताच संगणक लॉक होण्याची पॉलिसी आधी लावा. ती लावूनही लॉक होत नसेल, तर ‘स्मार्ट कार्ड रिमूव्हल पॉलिसी’ ही सेवा बंद असते, ती आपोआप चालू होईल अशी करा. झोपेतून उठलेल्या लॅपटॉपवर रीडर गायब होत असेल तर यूएसबीची वीजबचत बंद करा.

मग खात्यावर ‘स्मार्ट कार्ड आवश्यक’ ही खूण करा. त्या क्षणी विंडोज जुना पासवर्ड फेकून स्वतःचा यादृच्छिक पासवर्ड लावतं. डोमेनचा पासवर्ड विचारणारं सगळं तिथेच थांबतं: जुनं व्हीपीएन, फोनवरचा मेल, स्कॅनरचा फोल्डर. यांची यादी दहा माणसांच्या चाचणीतच निघायला हवी. दोन आपत्कालीन खाती मात्र पासवर्डची ठेवा. लांब पासवर्ड, मोहोरबंद पाकीट, तिजोरी, आणि खातं वापरलं गेलं की दोघांना तत्काळ सूचना.

कार्ड हरवलं की

ही पद्धत कार्ड वाटण्याआधी कागदावर हवी, कारण फोन थर्ड शिफ्टलाही येतो. तो कोण उचलणार, त्याचं नाव आणि नंबर गेटवर लावलेला असावा.

फोन उचलणाऱ्याने आधी खातं बंद करायचं, सर्टिफिकेट रद्द करणं त्यानंतर. नुसतं सर्टिफिकेट रद्द केलं तर डोमेन कंट्रोलर जुनी रद्द-यादी तिची मुदत संपेपर्यंत वापरत राहतो, आणि हरवलेलं कार्ड तोवर चालू शकतं. यादी रोज काढा आणि तिची मुदत ३ दिवस ठेवा. म्हणजे शनिवारी सर्व्हर बिघडला तरी सोमवारी सकाळी लॉगिन चालतं. उघडं असलेलं सत्र खातं बंद केल्याने लगेच मिटत नाही, तो संगणक लॉक करून घ्या. लॅपटॉप कार्डासोबतच गेला असेल तर काम अवघड होतं. नेटवर्कबाहेर विंडोज साठवलेल्या नोंदीवर लॉगिन करू देतं, तेव्हा तिथे चोराला फक्त पिनच अडवतो.

कार्ड पंचवटीत घरी राहिलंय याची खात्री असेल तर रद्द करताना ‘सर्टिफिकेट होल्ड’ हे कारण निवडा. तेवढं एकच कारण नंतर मागे घेता येतं. त्या दिवसापुरतं १२ तासांच्या मुदतीचं तात्पुरतं कार्ड द्या, आणि ते संध्याकाळी गेटवर जमा झालं की नाही ते रजिस्टरमध्ये लिहून घ्या. खातं पुन्हा सुरू करायचं ते तात्पुरतं कार्ड समोरासमोर दिल्यावरच, फोनवरच्या विनंतीवर नाही. नोकरी सोडून जाणाऱ्याचाही क्रम हाच: खातं बंद, सर्टिफिकेट रद्द, कार्ड जमा, चिप कोरी. हिशेबाच्या कागदावर टाइम ऑफिसची सही त्यानंतर.